‘सकाळी बघू’ म्हणू नका: तान्हं लेकरू अचानक बिघडलं तर काय करायचं, कुठं न्यायचं

पौषातली रात्र होती. माझ्या भावजयीचं लेकरू १९ दिवसांचं. दिवस मावळल्यापासून ते अंगावर पीत नव्हतं. तोंडाशी धरलं की दोन घोट ओढायचं आणि सोडून द्यायचं. रडतही नव्हतं. घरात सगळे म्हणत होते, “शहाणं आहे, निवांत झोपलंय.” मी गटप्रवर्तक आहे. आशाताईंच्या कामावर देखरेख करणं हेच माझं काम, धोक्याच्या खुणा मला पाठ. तरीही आई म्हणाली, “बाई, एवढ्या थंडीत लेकराला कुठं बाहेर काढता, सकाळी बघू,” आणि मी तास-दीड तास गप्प बसले. मग राहवेना, म्हणून झबलं वर केलं आणि मोबाईलमधलं घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला ७२. पुन्हा मोजले, ७०. बरगड्यांच्या खाली खळगा पडत होता.

त्या रात्री आम्ही तीन दारं फिरलो. पहिल्या ठिकाणी खोकल्याचे थेंब देऊन परत पाठवलं. दुसऱ्या ठिकाणी, एका मोठ्या खाजगी दवाखान्यात, अनामत रकमेवरून बराच वेळ काउंटरवर गेला, आणि पैसे जमवल्यावर कळलं की इतक्या लहान बाळाला ठेवायची सोयच तिथं नाही. तिसरं दार जिल्हा रुग्णालयाचं. लेकरू ११ दिवस काचेच्या पेटीत राहिलं आणि वाचलं. पण आम्ही घालवलेले ते तास मला अजून झोपू देत नाहीत, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. आपल्या मराठवाड्यात लेकरं हातची जातात ती नुसत्या आजारानं नाही. ओळखायला उशीर, निघायला उशीर आणि चुकीच्या दारात बसून राहणं, या तीन ठिकाणी वेळ जातो. तिन्ही ठिकाणी आपल्या हातात बरंच काही असतं.

आधी वय बघा

दोन महिन्यांच्या आतलं लेकरू आणि सहा-आठ महिन्यांचं लेकरू यांना एकच माप लावायचं नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला जंतुसंसर्ग झाला तर तो काही तासांत सगळ्या अंगात भिनतो, आणि खुणा फार मंद असतात. मोठ्या मुलासारखं ते खोकेल, कण्हेल, फणफणेलच असं नाही. पुष्कळदा ते फक्त गप्प होतं. म्हणून या वयात खालीलपैकी एक जरी गोष्ट दिसली तरी रात्र असो, पाऊस असो, निघायचं:

- दूध ओढत नाही, किंवा नेहमीपेक्षा निम्म्याहून कमी पितं
- हलवल्याशिवाय हातपाय हलवत नाही, मलूल पडलंय
- श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, छाती आत ओढली जाते, श्वासागणिक कण्हतं
- अंग तापलंय (काखेत ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ फॅरेनहाइट किंवा वर) किंवा गार पडलंय (३५.५ सेल्सिअसच्या खाली)
- आकडी आली, डोळे फिरवले, हातपाय ताठ केले
- जन्माच्या पहिल्या २४ तासांत कावीळ, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरलाय
- बेंबीभोवती लाली पसरलीय, किंवा अंगावर बरेच पुवाचे फोड आलेत
- ओठ, जीभ निळसर

दोन महिन्यांच्या पुढच्या बाळात याच गोष्टी थोड्या वेगळ्या दिसतात. काहीही पोटात ठरत नाही, प्यायलेलं सगळं ओकून टाकतं. अंगावर पाजताच येत नाही. झोपेतून उठवलं तरी नजर लावत नाही. आकडी येते. सहा-आठ तासांत लघवी नाही, टाळू खोल गेलीय, रडताना डोळ्यांत पाणी नाही. हिरवी उलटी झाली, किंवा थांबून थांबून किंचाळत रडणं आणि शीमध्ये रक्ताळलेली चिकट आव, तर हे आतड्याचं दुखणं असू शकतं. तिथं औषधांच्या थेंबांत वेळ घालवायचा नाही, थेट शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना गाठायचा. टाळू फुगून टणक झाली आणि ताप आहे, तर मेंदूज्वराची शंका घ्यायची.

एक गोष्ट मी आशाताईंना नेहमी सांगते: आईला “लेकरू रोजच्यासारखं नाही” असं वाटतंय ना, तेवढं पुरे. ती काय बिघडलंय हे सांगू शकत नसली तरी तिचं म्हणणं खरं धरायचं.

श्वास कसे मोजायचे

हे शिकून घ्या, कारण याला डॉक्टर लागत नाही आणि सर्वात जास्त जीव याच खुणेनं वाचतात. आपल्याकडं आजी म्हणते, “लेकराला डबा झाला, पोट उडतंय.” तिनं बघितलेलं अगदी बरोबर असतं. तो न्यूमोनिया असतो.

बाळ शांत असताना मोजायचं. रडत असताना, पीत असताना किंवा नुकतंच रडून थांबलेलं असताना नाही. मांडीवर झोपवा, झबलं छातीच्या वर सरकवा, उजेड पुरेसा घ्या. बॅटरी थेट डोळ्यांवर मारू नका, बाजूनं धरा. मोबाईलचं स्टॉपवॉच लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत नसतो, मध्येच थांबतो, मध्येच भरभर चालतो, त्यामुळं हिशेब चुकतो. आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा पूर्ण मिनिट मोजा.

दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास वेगात. मग छातीकडं बघा. श्वास आत घेताना छाती फुलायला हवी. बरगड्यांची खालची कड उलट आत जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, तर मोजत बसायचीही गरज नाही. मोजलेला आकडा आणि वेळ कागदावर लिहा, किंवा दहा-वीस सेकंदांचा व्हिडिओ काढा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत लेकरू कधी कधी शांत दिसतं. तो व्हिडिओ डॉक्टरांना फार उपयोगी पडतो. आकडीचाही व्हिडिओ काढावा, पण एकानं बाळाला सांभाळायचं आणि दुसऱ्यानं काढायचा.

ताप हातानं बघून ठरवू नका. डिजिटल थर्मामीटर घरात एक असावाच. तो काखेत, दंड अंगाला चिकटवून, बीप वाजेपर्यंत ठेवायचा. बाळ गार पडलंय का हे कळायला तळपाय आणि पोट दोन्हींना हाताची मागची बाजू लावा. पोट कोमट आणि पाय गार, तर थंडी बाधतेय. दोन्ही गार, तर धोका आहे. परभणीकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा फार खाली जातो, तेव्हा हे रोज बघावं.

उन्हाळ्याचं उलटं असतं. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली बाळंतीण आणि बाळ दोघं भाजून निघतात, त्यात बाळाला टोपडं, मोजे, दुपट्यात गुंडाळलेलं. अशा वेळी अंग नुसतं उन्हानं तापलेलं असू शकतं. कपडे ढिले करा, झाडाच्या सावलीत किंवा मातीच्या घरात न्या, अंगावर पाजा आणि अर्ध्या तासात पुन्हा मोजा. उतरला आणि बाळ नीट पितंय, तर ठीक. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि ३७.५ च्या वरच राहिला, तर निघा. वरच्या यादीतली दुसरी एखादी खूण सोबत असेल तर अर्धा तासही थांबू नका.

निघेपर्यंत घरात काय करायचं

बाळाला आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लागेल असं ठेवा, डोक्यावर टोपी, वरून शाल. थंडीत याच्याइतकी ऊब हीटरही देत नाही. शेकोटीजवळ नेऊ नका, धुरी देऊ नका. धुरानं आधीच दमलेला श्वास आणखी अडकतो. तोंड-नाक कधी झाकायचं नाही. आपल्याकडं दृष्ट लागेल म्हणून प्रवासात लेकराचं तोंड पदरानं पूर्ण झाकतात, आणि ते निळं पडलं तरी कुणाला दिसत नाही.

पिऊ शकत असेल तर अंगावर पाजत राहा. ओढत नसेल पण जागं असेल आणि गिळत असेल, तर आईचं दूध काढून वाटी-चमच्यानं थोडं थोडं द्या. बेशुद्ध असेल, आकडी चालू असेल किंवा श्वासच घेता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका.

जुलाब-उलट्या असतील आणि बाळ दोन महिन्यांपेक्षा मोठं असेल, तर मीठ-साखरेचं ओआरएस सुरू करा. एक मोठं पाकीट बरोबर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. अर्धं पाकीट अंदाजानं ग्लासात टाकायचं नाही, ते जास्त खारट झालं तर घातक ठरतं. प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, पण सावकाश. दुकानात “ओआरएस द्या” म्हटलं की कधी कधी फळांच्या चवीचं गोड पेय खोक्यात हाती येतं. पाकिटावर डब्ल्यूएचओचं सूत्र असल्याचं वाचून घ्या. जुलाबात झिंकही द्यायचं असतं, १४ दिवस: दोन ते सहा महिने १० मिलीग्रॅम, त्यापुढे २० मिलीग्रॅम रोज. आशाताईकडं दोन्ही मिळतं.

आकडी आली तर बाळाला कुशीवर वळवा, कपडे ढिले करा, वेळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी नाही. कांदा फोडून किंवा चप्पल हुंगवून आकडी थांबत नाही. बहुतेक आकड्या काही मिनिटांत आपोआपच थांबतात, म्हणून चपलेचा गुण आला असं वाटतं. थांबली तरी तान्ह्या बाळाला दवाखान्यात न्यायचंच, पाच मिनिटांच्या वर चालली तर त्या क्षणी १०८.

घशात काही अडकलं, म्हणजे शेंगदाणा, हरभऱ्याचा दाणा, मणी, आणि बाळाला रडता-खोकता येत नाही, तर गाडीची वाट बघायला वेळच नसतो. एक वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं घ्या, डोकं खाली, मान आधारलेली. दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं पाच थापा. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, दोन बोटांनी पाच दाब. पुन्हा थापा. दिसत नसताना आत बोट घालून चाचपू नका, वस्तू आणखी खोल जाते.

विंचवाचं आपल्याकडं विसरून चालत नाही. शांत झोपलेलं लेकरू एकदम किंचाळत उठलं, घामानं भिजलं, लाळ गळतेय, हातपाय गार पडले, तर अंथरूण झटकून बघा, पण मंत्र घालणाऱ्याकडं जाऊ नका. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला काम करताना प्राझोसिन हे औषध विंचूदंशात जीव वाचवतं हे दाखवून दिलं. आज हा उपचार सरकारी दवाखान्यात होतो, आणि जितका लवकर तितका गुण.

आता जे करायचं नाही ते. बिब्बा घालणं, पोटावर डाग देणं, नाका-कानात तेल सोडणं, मध चाटवणं, घुटी उगाळून पाजणं. हे करणाऱ्या आजीचा जीव त्या लेकरात असतो, तिला दुखवून काही साधत नाही. मी सांगते, “आजी, दृष्ट तुम्ही काढा, तोवर मी गाडी बोलावते.” दृष्ट काढायला दोन मिनिटं लागतात आणि तिनं बाळाला काही होत नाही. बिब्ब्यानं भाजलेलं, आधीच दमलेलं लेकरू मी पेटीत पाहिलं आहे. ते पाहिल्यावर माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

औषधांबाबत दोनच गोष्टी, पण ध्यानात ठेवा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांनी बघितल्याशिवाय तापाचं औषध देऊ नका, ताप झाकला जातो आणि आजार वाढतो. त्यापुढच्या बाळाला पॅरासिटामॉल देताना बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. ड्रॉप्सच्या बाटलीत बहुधा १ मिलीत १०० मिलीग्रॅम असतं, सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलीग्रॅम, म्हणजे ड्रॉप्स चौपट कडक. मात्रा वजनावर ठरते: किलोमागे १० ते १५ मिलीग्रॅम. ५ किलोच्या बाळाला ड्रॉप्सचा अर्धा मिली पुरतो, तेवढ्याच गुणाला सिरप दोन मिली लागतं. एकाची मात्रा दुसऱ्याच्या बाटलीतून दिली की घोटाळा होतो. खोकला-सर्दीचं सिरप तर दोन वर्षांच्या आत नकोच. मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडं भेसळीच्या खोकल्याच्या औषधानं लेकरं गेली, त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयानंही हेच सांगितलं. निमेसुलाइड या ताप-दुखण्याच्या औषधावर १२ वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासूनच बंदी आहे. घरात जुनी बाटली असेल तर फेकून द्या.

गाडी

१०८ आणि १०२ दोन्ही फुकट आहेत. १०८ ही तातडीची गाडी, राज्यात २०१४ पासून आहे आणि तिच्यात डॉक्टर व ऑक्सिजन असतो. १०२ ही गरोदर बाई, बाळंतीण आणि एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळासाठी. ती घरून दवाखान्यात नेते, एका दवाखान्यातून दुसऱ्यात नेते आणि सुट्टी झाल्यावर घरीही सोडते. श्वासाचा त्रास, आकडी, बेशुद्धी असेल तर आधी १०८.

फोनवर घाबरून “लवकर या, लवकर या” एवढंच बोललं जातं. असं सांगा: “बाळ १९ दिवसांचं आहे, दूध पीत नाही, श्वास मिनिटाला ७० आहे. जिल्हा अमुक, तालुका अमुक, गाव अमुक. अमुक फाट्यापासून दोन किलोमीटर आत, मारुतीच्या पाराजवळ.” जिल्हा-तालुका आधी सांगायचा, कारण एकाच नावाची गावं ढिगानं आहेत. बोलणं संपल्यावर फोन दुसऱ्या कुणाशी बोलण्यात गुंतवू नका, गाडीवाल्याचा फोन येतो. एका पोराला बॅटरी घेऊन फाट्यावर उभं करा. वस्ती आत असेल, वाट चिखलाची असेल, तर गाडीवाल्याशी ठरवून आपणच ट्रॅक्टरनं, जीपनं डांबरी रस्त्यापर्यंत या.

गाडीला फार वेळ लागणार असं कळलं तर गावातली चारचाकी काढा. मोटारसायकल अगदीच नाइलाज असेल तरच. आई मध्ये, मागं धरायला एक जण, बाळ आईच्या छातीला बांधलेलं, तोंड एका बाजूला आणि उघडं. दर थोड्या वेळानं थांबून रंग आणि श्वास बघायचा.

ऊसतोडीला गेलेल्या आपल्या लोकांसाठी हे वेगळं सांगते. दसरा-दिवाळीनंतर बीड, धाराशिव, परभणीकडची कुटुंबं तान्ही लेकरं घेऊन कोपीवर असतात, आणि रानातला पत्ता सांगता येत नाही. टोळी उतरली की पहिल्याच दिवशी त्या गावच्या आशाताईचा नंबर घ्या, जवळचं आरोग्य केंद्र कुठं ते मुकादमाला विचारा, कोपीचं लोकेशन मोबाईलमध्ये जपून ठेवा. लसीकरणाचं कार्ड आणि रेशन कार्ड गावी पेटीत ठेवून जाऊ नका. १०८ राज्यात कुठूनही लागतो आणि तुम्ही कुठले हे विचारून उपचार अडत नाहीत. कर्नाटकातल्या कारखान्यावर असाल तर तिथंही १०८ च.

कुठं न्यायचं

हाच प्रश्न आम्ही त्या रात्री चुकवला. जवळचा दवाखाना आणि योग्य दवाखाना एकच असेल असं नाही.

बाळ निळं पडतंय, श्वास थांबतोय, आकडी थांबत नाही, तर सर्वात जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. तिथं ऑक्सिजन आणि पहिला उपचार मिळाला की पुढं. तान्ह्या बाळात जंतुसंसर्गाची शंका असेल तर विचारा, “पाठवण्याआधी इंजेक्शनचा पहिला डोस देता का?” रेफर करण्याआधी जेंटामायसिन आणि अमॉक्सिसिलिन या जंतू मारणाऱ्या औषधांचा पहिला डोस द्यायला सिस्टरनाही परवानगी आहे. दोन-तीन तासांच्या वाटेवर हा डोस फार मोलाचा ठरतो. रेफर चिठ्ठीवर काय दिलं आणि किती वाजता दिलं हे लिहून घ्या, आणि पुढच्या ठिकाणी फोन करायला लावा.

बाळ आजारी आहे पण श्वास चालू आहे, तर २८ दिवसांच्या आतल्या बाळाला जिल्हा रुग्णालयातला नवजात शिशू अतिदक्षता कक्ष, म्हणजे एसएनसीयू. लोक त्याला पेटीचा वॉर्ड म्हणतात. तिथं दुसरीकडं जन्मलेल्या बाळांसाठी वेगळा भाग असतो, म्हणून “बाळंतपण इथं झालं नाही” हे परत पाठवायचं कारण होत नाही. २८ दिवसांच्या पुढचं बाळ मात्र बालरोग विभागात जातं. चाळीस दिवसांचं लेकरू घेऊन पेटीच्या दारात थांबलेली आणि तिथून दुसऱ्या मजल्यावर धावणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

व्हेंटिलेटर, शस्त्रक्रिया, रक्त बदलणं अशी गरज असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. छत्रपती संभाजीनगरची घाटी, नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण महाविद्यालय, लातूरचं विलासराव देशमुख महाविद्यालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय ही जुनी आणि अनुभवी. धाराशिव, परभणी, जालना, हिंगोलीलाही अलीकडच्या वर्षांत शासकीय महाविद्यालयं सुरू झाली आहेत. सीमेवरच्या लोकांनी जिल्ह्याच्या नकाशात अडकू नये. आष्टीकराला अहिल्यानगर, उमरग्याला सोलापूर, भूम-परंड्याला बार्शी, किनवटला आदिलाबाद सोयीचं पडत असेल तर तिकडं जा.

खाजगीत जायचं ठरलं तर निघण्याआधी फोन करून चार प्रश्न विचारा: एवढ्या वयाचं बाळ घेता का, आत्ता जागा आहे का, बालरोगतज्ज्ञ आत्ता हजर आहेत का, व्हेंटिलेटर आहे का. एकाला जरी “नाही” आलं तर दुसरा नंबर. गावातल्या किंवा तालुक्याच्या ओळखीच्या डॉक्टरांनी “उद्या बघू” म्हटलं आणि वरच्या यादीतली खूण बाळात दिसत असेल, तर मान ठेवून सांगा, “डॉक्टर, चिठ्ठी द्या, आम्ही पुढं नेतो.” यात त्यांचा अपमान काही नाही.

दारात पोहोचल्यावर

केस पेपरच्या रांगेत बाळ घेऊन उभं राहू नका. आई आणि बाळ थेट अपघात विभागात, एक माणूस केस पेपरला. पहिलं वाक्य हेच: “१९ दिवसांचं बाळ आहे, दूध पीत नाही, श्वास ७० आहे.” अगोदर सगळी कथा सांगत बसू नका. विचारतील तेव्हा हे तयार ठेवा: जन्माचं वजन, पूर्ण दिवसांचं की आधीचं, बाळंतपण कुठं झालं, शेवटचं दूध किती वाजता, शेवटची लघवी किती वाजता, ताप किती, कोणतं औषध किती दिलं. घुटी दिली असेल, बिब्बा घातला असेल, तरी लपवू नका. दिलेल्या औषधाची बाटलीच पिशवीत टाकून न्या.

पैसे नाहीत म्हणून तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात हे स्पष्ट केलंय की जीव वाचवायचा पहिला उपचार देणं सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे. ट्रस्टच्या धर्मादाय रुग्णालयांत तर तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून स्थिर करणं बंधनकारक आहे, आणि १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. खाजगी दवाखान्यानं दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची, हे २०२१ च्या सुधारित नियमांत आहे. भांडण करायला हे सांगत नाही. काउंटरवर शांतपणे, “आधी बाळाला ऑक्सिजन लावा, कागद आम्ही करतो,” एवढं म्हणायला बळ यावं म्हणून सांगते. आमच्यापैकी कुणाच्याही तोंडून त्या रात्री ते वाक्य निघालं नाही.

कागद आणि पैसे

सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या, रक्त आणि गाडी जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हातात आली तर आधी वैद्यकीय अधीक्षकांच्या कार्यालयात दाखवा.

खाजगी दवाखान्यासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०२४ पासून वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत, आणि पांढरं रेशन कार्ड असलेल्यांनाही. नवजात बाळाचे अतिदक्षतेचे उपचार त्यात येतात, पण दवाखाना योजनेत हवा. दारात आरोग्यमित्राचा टेबल असतो, भरती होतानाच त्याला गाठा. बिल झाल्यावर नाही. तातडीच्या वेळी फोनवरून कळवून उपचार सुरू करायची सोय योजनेत आहे, कागद मागून देता येतात. लेकराचं नाव रेशन कार्डात नसतंच, त्यासाठी आई-वडिलांचं कार्ड आणि जन्माचा दाखला किंवा बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड दाखवायचं. जवळचा योजनेतला दवाखाना कोणता हे १५५३८८ वर विचारता येतं.

एक पिशवी भरून खुंटीला टांगून ठेवा: रेशन कार्ड आणि दोघांच्या आधारची झेरॉक्स, लसीकरणाचं कार्ड, डिस्चार्ज कार्ड, थर्मामीटर, वाटी-चमचा, दोन झबली, टोपी, फोनचा चार्जर. भावजयीच्या घरी आता ती पिशवी दाराच्या मागं आहे.

सुट्टी झाल्यावर

डिस्चार्ज कार्ड हातात घेतल्याशिवाय निघू नका, आणि त्यावरचं प्रत्येक औषध सिस्टरकडून वाचून घ्या: कोणतं, किती मिली, दिवसातून किती वेळा, किती दिवस. मात्रा मोजायला बाटलीसोबतची पिचकारी वापरा, घरातला चमचा नाही. लेकरू खेळायला लागलं म्हणून औषध मध्येच बंद करायचं नाही. पुन्हा दाखवायची तारीख लिहून घ्या. परत जायला १०२ मागा, तो आपला हक्क आहे.

घरी आल्यावर त्याच दिवशी आशाताईला कळवा. दवाखान्यात झालेल्या बाळाकडं तिच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या असतात; पेटीतून आलेल्या बाळाकडं तिला जास्त लक्ष द्यावं लागतं. तिच्याकडं वजनकाटा आहे, तो वापरून घ्या. दूध पिणं, श्वास आणि अंगाची ऊब या तीन गोष्टी पहिले आठ दिवस सकाळ-संध्याकाळ बघा, आणि पुन्हा एकदा जरी लेकरानं दूध सोडलं, तर त्याच घटकेला डिस्चार्ज कार्ड घेऊन परत निघा.